जुन्या जिप्सीची खडखड, कल आणि थरथर: लांबच्या दौऱ्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

दौऱ्याला महिना-दीड महिना उरलाय आणि गाडी पुढच्यापैकी काही करत असेल, तर आत्ताच खाली वाका.

- सपाट जागी उभी करून मागून पाहिलं की गाडी एका अंगाला कललेली दिसते, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूला.
- स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच 'ठक्' येतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच आवाज खडखड होऊन बसतो.
- सामान भरलं की लहानशा खड्ड्यातही दणका थेट कमरेत. म्हणजे ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) चॅसिसखालच्या रबरी गट्टूवर आपटतोय.
- पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथर नाचतं आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही.
- हायवेवर गाडी सरळ धावत नाही, सारखी सावरावी लागते.
- मागून येणारा मित्र म्हणतो, "तुझी गाडी तिरकी चालतेय."

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं वाचायच्या आधी गाडी उभी करा आणि यू-बोल्ट बघा, म्हणजे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट.

माझी गाडी १९९९ सालची जिप्सी किंग. आमच्या कोल्हापूरच्या टोळक्यात अशा चार आहेत, आणि दर दौऱ्याआधी चौघींचं खालचं अंग बघायचं काम माझ्याकडे येतं. जिप्सी १९८५ साली आली, २०१९ मध्ये बाजारातून गेली, आणि या सगळ्या काळात तिची मांडणी फारशी बदलली नाही. चारही कोपऱ्यांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढे-मागे सरळसोट ॲक्सल. त्यामुळे दुखणं शोधायला संगणक लागत नाही. टॉर्च, टॉमी (उचकायची लोखंडी पहार), मोजपट्टी आणि ब्रेक दाबायला घरातलं एक माणूस एवढ्यावर काम भागतं. महिंद्राच्या एमएम ५४० वाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. बोलेरो आणि २०२० पर्यंतच्या थारला निदान मागच्या बाजूचं, कारण तिथेही पाटेच आहेत.

गाडी खडखडली की सगळे आधी शॉकअप बदलतात. हिमाचलातल्या स्पितीच्या पहिल्या दौऱ्याआधी मीही चार नवे कोरे बसवून घेतले. कल गेला नाही, 'ठक्' गेला नाही, पण पैसे गेले म्हणून समाधान होतं. काझाहून निघून कुंझुम घाट ओलांडला आणि बातलकडे उतरताना मागच्या डाव्या चाकातून रबर जळाल्याचा वास यायला लागला. उतरून बघतो तर टायर मडगार्डला घासतोय. ॲक्सल एका बाजूनं चांगला अंगठाभर सरकलेला. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता आणि यू-बोल्टचे नट हातानं फिरत होते. निघायच्या पंधरा दिवस आधी एका गॅरेजात पाटे उतरवून घासले होते, परत बसवले होते, पण त्यानंतर नट पुन्हा कुणी आवळले नव्हते. त्यानंही नाही आणि मीही नाही. दुसऱ्या जिप्सीला दोर बांधून ॲक्सल जागेवर ओढला, यू-बोल्ट पाइप लावून आवळले, आणि चंद्रा नदीच्या कडेच्या त्या गोट्यांच्या रस्त्यानं बैलगाडीच्या वेगानं मनालीला आलो. नवे शॉकअप तेवढे सुंदर चमकत होते.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. फुकटचं आधी, शॉकअप जवळजवळ शेवटी.

वजन आणि हवा

पहिलं काम गाडीखाली नाही, गाडीत आहे. दौऱ्याला जसं भराल तसं सगळं भरा, टाकी फुल्ल करा आणि ऊस तोलतात तसल्या वजनकाट्यावर गाडी न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर. वजाबाकी केली की पुढचा आकडा मिळतो. चहा-वड्याच्या खर्चात एवढी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

लष्करानं जिप्सी घेतली ती ५०० किलोच्या वर्गात, म्हणजे एवढं वजन वाहणारी गाडी म्हणून. तिच्या जागी पुढे जी सफारी स्टॉर्म घेतली ती ८०० किलोच्या वर्गातली. त्या पाचशेत माणसंही आली. चार माणसं म्हणजे तीनशे किलो तिथेच संपले. वीस लिटर पाणी वीस किलो, वीस लिटर पेट्रोल साधारण पंधरा आणि कॅनचं वजन वेगळं. वर लोखंडी कॅरिअर, तंबू, गॅस, कुणाच्या तरी आईनं दिलेला दहा किलो फराळ. यातलं जे जड आणि टपावर आहे ते आधी खाली आणा. टपावरचं वजन पाट्यांना जितकं त्रास देतं त्याहून जास्त वळणावर गाडीला झुकवतं. गट्टूवर आपटणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक मला वजन उतरवूनच बरी झालेली आढळलीय.

हवा सकाळी, टायर थंड असताना, गेजनं बघा. लाथ मारून नव्हे. पुढच्या दोन टायरांत फरक असेल तर गाडी ओढते आणि आपण उगाच स्टिअरिंगला दोष देतो. आणखी एक फुकटची गोष्ट म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल. आंबोलीच्या पावसातून आलेल्या एका गाडीची 'भयंकर थरथर' मी रिममधला मूठभर चिखल स्क्रूड्रायव्हरनं खरवडून घालवली होती. त्यानंतर बॅलन्सिंग.

मोजपट्टी

कल डोळ्यानं ठरवू नका. पेट्रोल पंपासारखी सपाट फरशी शोधा. गाडी थोडी पुढे-मागे चालवून, ब्रेक न मारता सोडत उभी करा. चारही चाकांत हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. रिकामी असताना एकदा, भरलेली असताना एकदा. आठ आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी सोन्यासारखे उपयोगी पडतात. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी मोजली तर आकडा खोटा येतो, कारण पाटे एकमेकांवर घासून अडकतात आणि थोडं चालल्याशिवाय खाली बसत नाहीत.

डाव्या-उजव्यात बोटाच्या पेराएवढा फरक असेल तर कारण शोधायचं. त्याहून कमी असेल तर वर्षानुवर्षं ड्रायव्हर एकटाच बसला म्हणून उजवा पाटा थोडा दमलाय, एवढाच त्याचा अर्थ. जड पेटी डाव्या बाजूला ठेवली तरी भागतं.

धुवा आणि बघा

खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या, पण त्या धुण्याबरोबर पाट्यांवर जळकं ऑइल मारून घेऊ नका. पावसाळ्याआधी ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. चॅसिसच्या गंजाला ती चालते, पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांना चालत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं आणि चुरा होऊन बाहेर येतं. शिवाय ऑइलनं तडे झाकले जातात.

वाळल्यावर टॉर्च घेऊन आडवे व्हा. शोधायच्या गोष्टी तीन. पहिली, तुटलेला पाटा. तो बहुतेक सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा जिथे खालच्या पाट्याचं टोक संपतं तिथे तुटतो. ताजी चीर चकचकीत असते, जुनी तांबूस. दुसरी, यू-बोल्टच्या भोवती तांबड्या पुडीचे ओघळ. लोखंड लोखंडावर हलत असलं की अशी पूड पडते, म्हणजे तिथे ढिलाई आहे. तिसरी, जिथे पाट्याचे ब्रॅकेट चॅसिसला जोडलेत तिथल्या वेल्डच्या कडा. तिथे रंगाला केसासारखी भेग दिसली तर नखानं टोकरून बघा. रंगच फाटलाय की लोखंड, हे त्यावरून कळतं.

याच वेळी ॲक्सलपासून पाट्याच्या पक्क्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर ॲक्सल सरकलाय. गाडी तिरकी चालते ती यामुळे.

यू-बोल्ट

एक पाना, दहा मिनिटं. नट आमनेसामने, तिरक्या क्रमानं, थोडे थोडे आवळायचे. आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि शक्य असेल तर टॉर्क पाना मागून आणा. यू-बोल्टचं काम पाटे आणि ॲक्सल यांना इतकं दाबून धरणं की सेंटर बोल्टवर ताण येऊच नये. ते ढिले झाले की सगळा मार त्या एका करंगळीएवढ्या बोल्टवर येतो आणि तो एक दिवस तुटतो. पाटे कधीही उतरवले असतील तर १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर एकदा पुन्हा आवळा. बातलचा सगळा खेळ या एका वाक्यात होता.

उतरवलेले जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ताणलेले असतात, आटे खाल्लेले असतात. नवा संच स्वस्त आहे.

बुश आणि शॅकल

इथे खरा गुन्हेगार सापडतो. 'ठक्' आवाज, हायवेवरची भटकंती आणि निम्मी खडखड बुशांची असते.

गाडी जमिनीवरच ठेवा. पाट्याचा डोळा (टोकाचं गोल भोक) आणि शॅकलची, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी, झुलती पट्टी यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचका. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. मेलेल्या बुशात पिन खटकन सरकते, आणि तोच 'ठक्' तुम्हाला ओळखीचा वाटेल. रबर एका बाजूनं बाहेर आलंय का, पिन डोळ्याच्या मधोमध आहे की वर चढलीय, शॅकलच्या पट्ट्या पाट्यावर घासून चमकतायत का, तेही बघा. जिप्सीला पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला आणि मागच्यांचे मागच्या टोकाला असतात. पुढच्यांना रस्त्यावरचा सगळा चिखल आधी लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा.

बदलायला घेतलं तर जुनी पिन बाहेर येणं हीच लढाई. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी हातोडा मारताना नट टोकाला चढवलेला ठेवा, म्हणजे आटे फुलणार नाहीत. नवा रबरी बुश बसवताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा, साधं ग्रीस नाही.

आता ज्या चुकीमुळे नवे बुश सहा महिन्यांत फाटतात ती. बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना पिनांचे नट कचकचून आवळतात आणि मग गाडी खाली सोडतात. आवळलेला रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. लोंबकळत्या स्थितीत आवळलात तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर तो पिळलेलाच राहतो, अगदी पार्किंगमध्ये उभी असतानासुद्धा. म्हणून नट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागे उभं राहून दोन-चार वेळा दाबा, थोडी पुढे-मागे करा, आणि मगच शेवटचं आवळा. मी मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून हे करून घेतो. त्याला राग येतो, येऊ दे.

पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण कुरकुरतात आणि कडकही असतात. जिप्सी आधीच दगडासारखी. दौऱ्याच्या गाडीला मी चांगलं रबरच घालतो.

गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल घातले असतील तर ते काढून मूळ मापाचे घाला. जिप्सीत पुढचा शॅकल लांब केला की ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं तिचा मागचा कल, कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं. "अलाइनमेंट करून आलो तरी भटकते" ही तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांना मी आधी शॅकलची लांबी विचारतो.

थरथर

पुढचं एक चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड. चाक वर-खाली धरून हलवा, घड्याळातल्या बारा आणि सहावर. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती पिन. डिस्कच्या गाडीत ब्रेक दाबला की हब आणि नकल (हबला धरून किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना बांधले जातात, त्यामुळे उरलेला खेळ त्याच्या पलीकडचाच असतो. मग नऊ आणि तीनवर धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांचा किंवा ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगकडून येणाऱ्या दांड्याचा). टाय रॉडचा सांधा हातानं धरून ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायला लावा. झिजलेला सांधा बोटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर.

इथे लोक दोन चुका करतात. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा छोटा शॉकअप) घालतात, थरथर दोन महिने दबते आणि रोग आत वाढत राहतो. किंवा स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळतात. तो जास्त आवळला तर स्टिअरिंग मध्यावर अडकतं, आणि घाटात ते थरथरीपेक्षा वाईट.

शॉकअप

आता शॉकअप. आधी त्यांच्या दोन्ही टोकांची रबरं बघा, कारण 'शॉकअप वाजतोय' म्हणून आलेल्या गाडीत पुष्कळदा एवढंच असतं. अंगावर तेलकट धूळ चालते. ओला ओघळ असेल तर तो गेला.

माझी आवडती चाचणी हाताची. पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवा, उतरा आणि लगेच चारही शॉकअपना हात लावा, जपून, चटका बसू शकतो. काम करणारा शॉकअप गरम होतो, कारण धक्क्याची ताकद तो तेल घुसळून उष्णतेत बदलतो. तिघे गरम आणि एक थंड असेल तर त्या थंड साहेबांनी काहीच काम केलेलं नाही. बदलताना मात्र जोडीनं बदला. नवा साधा तेलाचा शॉकअप आडवा पडून आलेला असतो. तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा वर जाऊ द्या, मगच बसवा. आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळला की शॉकअपच तो अडवून धरतोय का, ब्रेकचा होज ताणला जातोय का, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पाटे

हे सगळं करूनही गाडी बसलेलीच असेल तर पाटे दमलेत. पर्याय दोन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाटेवाल्याकडून कमान (पाट्यांचा बसलेला बाक) परत करून घेणं किंवा नवा संच. कमान थंड ठोकूनच करायची. गॅसनं लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि तो पहिल्या घाटातच बसतो. नीट केलेली कमानही कायमची नसते, पण एक-दोन दौरे निघतात. त्यात सेंटर बोल्ट नवा घालायला सांगा.

"एक पाटा जादा टाका, प्रश्न मिटला" हा सल्ला मी आता ऐकत नाही. भरलेली गाडी बरी चालते, पण उरलेले अकरा महिने रिकाम्या गाडीत दात वाजतात, आणि कडक पाटा प्रत्येक धक्का चॅसिसच्या ब्रॅकेटवर टाकतो. फक्त कललेल्या बाजूला पाटा टाकणं तर त्याहून वाईट. पाट्यांची उंची बरीच बदलली आणि मागच्या ब्रेकला वजनानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही जुळवून घ्यावा लागतो.

इथे हात थांबवा

चॅसिसच्या लोखंडात तडा असेल, विशेषतः कोकणात राहिलेल्या गाडीत, तर चांगल्या फॅब्रिकेटरकडे जा. वरून पट्टी ठोकून देणाऱ्याकडे नको. पाट्यावर कुणी वेल्डिंग मारायला निघालं तर गाडी परत घ्या. किंगपिनचा खेळ निघाला तर ते काम ज्यानं जिप्सीची नकल आधी उघडलीय त्यालाच द्या. तिथे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून बेअरिंगचा ताण स्प्रिंगकाट्यानं मोजून जुळवायचा असतो, अंदाजानं बसवलेलं एकतर परत थरथरतं नाहीतर जळतं. स्टिअरिंग बॉक्स उघडू नका. आणि गंजलेली पिन गॅस कटरशिवाय निघत नसेल तर घरच्या अंगणात नाही. ही पेट्रोल गाडी आहे, टाकी आणि नळ्या हाताच्या अंतरावर असतात.

सगळं झालं की दौऱ्याच्या वजनानिशी दोनशे-तीनशे किलोमीटर फिरून या. आम्ही आंबोली करून येतो: घाट आहे, खड्डे आहेत, आणि काही निघालंच तर घर जवळ आहे. परत आल्यावर आठ आकडे पुन्हा मोजायचे आणि यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. कोल्हापूर ते सिमला जवळपास दोन हजार किलोमीटर होतात, म्हणून सिमल्याला पोचलो की चहाआधी पुन्हा एकदा पाना. मागच्या सीटखालच्या डब्यात दोन सेंटर बोल्ट, यू-बोल्टचा एक संच, चार बुश, शॅकलची एक पिन आणि दोन जी-क्लँप असतात. गेल्या तीन दौऱ्यांत त्यातला एक बुश लागला, तोही आमच्या गाडीला नाही. काझाच्या पेट्रोल पंपावर भेटलेल्या एका नाशिकच्या जिप्सीला दिला.